अम्मीला आराम नको, व्यायाम हवा

अम्मीची हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टरांनी सांगितलं, की आपण सगळे मिळून तिला पलंगावर बसवतो. ‘आता काही करू नका, आराम करा.’ यात माया असते, पण परिणाम उलटा होतो. हाड जिवंत असतं. त्याच्यावर भार पडला की ते टिकतं, भार काढला की झिजतं. पायांतली ताकद गेली की तोलही जातो, आणि खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतं.

म्हणून मला वाटतं, तिला व्यायाम हवा. मात्र योग्य व्यायाम. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८४ साली मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास मांडला होता. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड आढळली. पाठ मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के. अभ्यास छोटा होता, पण इशारा स्पष्ट आहे. उठाबशांसारखं पोट आवळून पुढे वाकणं, पायाचे अंगठे धरणं, कमरेतून झटक्यानं वळणं टाळा. बादली उचलताना पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाका.

मग करायचं काय? चालणं हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, जिने चढणं, हळूहळू वाढवत वजन उचलणं. ऑस्ट्रेलियातल्या २०१८च्या अभ्यासात साठीच्या आसपासच्या स्त्रियांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. आधीच मणका मोडला असेल, तर मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करा. रुकू-सजद्याबद्दलही विचारा. आजारी माणसाला बसून नमाज अदा करण्याची सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मोहल्ल्यात पोरांसाठी जिम असतात; अम्मी-खालांना मोकळेपणानं जाता येईल अशी जागा आणि वेळ क्वचितच. जमातखान्याचा हॉल सकाळी तासभर त्यांच्यासाठी उघडता येणार नाही का? हा प्रश्न तरुणांनीच विचारायला हवा. तोवर घरातली वीस मिनिटांची कामं तुम्ही करा, ती वीस मिनिटं तिला द्या. आणि तिच्यासोबत स्वतःही घाम गाळा. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंतच जमते.