मण्यार की कवड्या?

पावसाळ्याचे पहिले आठ-दहा दिवस सरले, की सर्पप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांना जाग येते. रात्री अकराच्या सुमारास कुणाच्या तरी मोरीतला, गोठ्यातला किंवा अंथरुणाशेजारचा फोटो येऊन पडतो. काळपट अंग, त्यावर पांढरट आडवे पट्टे, विजेरीचा उजेड आणि हललेला हात. खाली एकच प्रश्न : कोणता? पहिले उत्तर अर्ध्या मिनिटात येते, ‘कवड्या. बिनविषारी. सोडून द्या.’ त्यापाठोपाठ दुसरे, ‘मण्यार आहे. कुणी हात लावू नका.’ मग तासभर वाद रंगतो. सुरुवात खवल्यांपासून होते आणि शेवट बहुतेक वेळा ‘तू किती साप पकडलेस?’ या प्रश्नावर होतो.

बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल. तो तसा नाही. कवड्या हा घराघरांत पालींच्या मागे फिरणारा, चिडका पण निरुपद्रवी साप. मण्यार ही भारतातल्या सर्वांत जहाल विषाच्या सापांपैकी एक. दोघांचे अंग आणि पट्टे एका नजरेत सारखे दिसतात. जाणकार सांगतात की कवड्याचे पट्टे मानेपासूनच रुंद आणि ठळक असतात, शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलट. डोक्यामागे काही अंतर सोडून ते सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. ही खूण सर्वांत खात्रीची, पण ती पाहायची तर साप जवळून आणि चांगल्या उजेडात पाहायला हवा. कात टाकायला आलेला साप, लहान पिल्लू किंवा अंधारात काढलेला फोटो असेल तर मुरलेला माणूसही अडखळतो.

आणि चुकीची किंमत? मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात लहान असतात. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. घरचे लोक आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि अखेर श्वासाचे स्नायूच थकतात. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर असा रुग्ण काही दिवसांनी चालत घरी जातो. नाही मिळाला तर पूर्ण शुद्धीत असताना त्याचा श्वास थांबतो.

सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्यात ठरले आहे. या साखळीत आरोग्य केंद्राच्याही आधी पोहोचणारा माणूस पुष्कळदा सर्पमित्र असतो. बहुतेकांचा हा छंद आहे, पोटाचा धंदा नव्हे. दिवसा दुकान, गॅरेज किंवा शाळा, आणि रात्री कुणाचा फोन आला की काठी-पिशवी घेऊन निघायचे. मांत्रिकाच्या ओट्याकडे निघालेल्या रुग्णाला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात आणणारेही अनेकदा हेच असतात. त्यामुळे या मंडळींचे आपसात कसे जमते, कशावरून बिनसते, हा त्यांचा खासगी मामला राहत नाही.

त्यांच्यात दोन जातींची भांडणे होतात. एक ओळखीचे, वर आले ते. दुसरे पकडण्याचे, आणि ते जास्त कडवट. कुणीतरी चित्रफीत टाकतो : नाग शेपटीला धरलेला, फणा उघडलेला, बघ्यांचे कोंडाळे आणि पार्श्वसंगीत. निम्मे लोक अंगठे आणि हृदये पाठवतात. एखादा ज्येष्ठ लिहितो, ‘काठी कुठे आहे? पिशवी कुठे आहे?’ त्याला उत्तर मिळते, ‘जळता कशाला?’ जुलै २०२५ मध्ये मध्य प्रदेशात नाग गळ्यात घालून दुचाकीवर बसलेल्या एका सर्पमित्राचा दंशाने मृत्यू झाला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्यानंतर हळहळ झाली, शिव्याशापही झाले. नव्या चित्रफिती मात्र थांबल्या नाहीत.

प्रदर्शनाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना दिसावे, हा त्यामागचा हेतू. साप दिसला की ठेचायचा, अशा त्या काळात या प्रयोगाने अनेकांची नजर बदलली. पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. मग आजचा तरुण नाग हातात घेऊन तेच सांगत असेल तर चुकते कुठे? ते कृतीतच चुकते. त्या प्रयोगात माणूस सापांच्या वाटेला जात नव्हता. आजच्या चित्रफितीत साप चिडावा, फणा काढावा, झेप घ्यावी यासाठीच त्याला डिवचलेले असते. पाहणाऱ्याच्या मनात उरते ती भीती आणि धरणाऱ्याचा दरारा. वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न त्याहून वेगळा.

‘मला ओळख चुकायची नाही’ ही खात्री किती पोकळ असते, याचे दाखले या छंदाच्या शिखरावर बसलेल्यांनीच ठेवले आहेत. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधले जगप्रसिद्ध सर्पतज्ज्ञ. सप्टेंबर १९५७ मध्ये शहरातल्या प्राणिसंग्रहालयाने ओळखीसाठी एक लहान साप पाठवला. तो आफ्रिकेतला बूमस्लँग असावा असे वाटत होते, पण एका खवल्यावरून शंका होती. चर्चा चालू असताना श्मिट यांनी तो सहकाऱ्याकडून हातात घेतला आणि तो अंगठ्याला चावला. जखम अगदी किरकोळ. ते रेल्वेने घरी गेले, स्वतःची लक्षणे आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारीसुद्धा वहीत नोंदवत राहिले, डॉक्टरांकडे गेले नाहीत. चोवीस तासांच्या आत त्यांचा अंतर्गत रक्तस्रावाने मृत्यू झाला.

दुसरा दाखला तर आपल्या मण्यार-कवड्याच्या वादाचीच परदेशी आवृत्ती आहे. जो स्लोविन्स्की, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ३८ वर्षांचे संशोधक, सप्टेंबर २००१ मध्ये उत्तर म्यानमारच्या दुर्गम भागात होते. सहायकाने पिशवी पुढे केली. आत मण्यारीसारखा दिसणारा निरुपद्रवी साप आहे, असे सांगण्यात आले. त्यांनी हात घातला. आतली खरोखरच मण्यार होती. सहकाऱ्यांनी तासन् तास तोंडाने श्वास दिला, पण पावसात हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. विषारी सापांवर आयुष्य घातलेला माणूस एका शब्दावर विसंबला. ‘थांबा, आधी पाहू’ म्हणायला तिथे कुणी नव्हते, किंवा म्हणायची गरज कुणाला वाटली नाही.

सर्पप्रेमींच्या भांडणांचा खरा मुद्दा इथे आहे. मतभेद घडायलाच हवेत, कारण ओळखीची चूक पकडण्याचा तोच एक मार्ग आहे. पण नवशिक्याला ज्येष्ठाला ‘मला मण्यार वाटते’ असे सांगता आले पाहिजे, आणि ज्येष्ठाने त्यावरून त्याची टर उडवता कामा नये. टर उडवली तर पुढच्या वेळी तो गप्प बसतो आणि नेमका तेव्हा त्याचेच बरोबर असू शकते.

रुग्णालयांना हे वेगळ्या वाटेने कळले आहे. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात परिचारिकांच्या तुकड्यांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. ज्या विभागांत वातावरण चांगले, तिथे चुका कमी असतील ही अपेक्षा होती. आकडे उलटे आले. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या विभागांत चुका जास्त घडत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. दरारा असलेल्या विभागांत चुका दडत होत्या. आपल्या वॉर्डांत रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे नव्याने सांगावे लागणार नाही.

सर्पमित्रांच्या बाबतीत दडवली जाणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्वतःला झालेला दंश. चावला हे कळले तर चारचौघांत हसे होणार, म्हणून बोट दाबून धरायचे आणि घरी जाऊन झोपायचे. कधी निभावते, कारण विषारी सापाचा प्रत्येक दंश विष सोडतोच असे नाही. अशा कोरड्या दंशातून वाचलेला माणूस मात्र वेगळाच धडा घेतो : ‘मला विष बाधत नाही.’ काही जण तर वारंवारच्या दंशांनी अंगात प्रतिकारशक्ती येते असे छातीठोकपणे सांगतात. यावर विसंबणे घातक आहे, आणि उलटेही घडू शकते. विषाशी पुन्हा पुन्हा संपर्क आल्याने काहींना त्याची तीव्र ॲलर्जी जडते आणि पुढच्या वेळी विषाच्या परिणामाआधीच रक्तदाब कोसळू शकतो. प्रतिसर्पविष घोड्याच्या रक्तापासून बनते. ते पूर्वी घेतले असेल तर त्याचीही रिॲक्शन येऊ शकते. म्हणून आधीचे दंश आणि आधी घेतलेली इंजेक्शने डॉक्टरला सांगणे आवश्यक असते. लाज इथे थेट उपचाराच्या आड येते.

मग भांडण लिहूनच का पेटते? समोरासमोर हीच मंडळी चहाच्या टपरीवर शांतपणे बोलतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना ई-मेलवर काही वाक्ये उपरोधाने आणि काही गंभीरपणे लिहायला सांगितली होती. वाचणाऱ्याला आपला सूर दहापैकी आठ वेळा कळेल, असे लिहिणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात तो निम्म्याहून थोड्याच जास्त वेळा कळला, म्हणजे जवळपास छापा-काटा. तेच आवाजात ऐकवले तेव्हा बहुतेक वेळा नीट कळले. ‘काठी कुठे आहे?’ हा प्रश्न काळजीने विचारलेला असतो, वाचणाऱ्याला तो टोमणा वाटतो. त्यात दोनशे लोक पाहत असतात, आणि चारचौघांत कान धरलेला माणूस चूक कबूल करण्याऐवजी तिचे समर्थन करतो.

म्हणूनच काही जाणते सर्पमित्र समूहात काही लिहीत नाहीत, फोन करतात. ‘झोप झाली का?’ इथून सुरुवात होते. मग कालचा नाग किती मोठा होता, कुठे सोडला, मागच्या वर्षी त्याच वस्तीत निघालेली घोणस, असे बोलणे चालते. दहा मिनिटांनी सहज विचारले जाते, ‘पाइप नाही का तुझ्याकडे? माझ्याकडे जास्तीचा आहे, घेऊन जा.’ सापाला हात न लावता पाइपवाटे पिशवीत घेण्याची पद्धत अशा बोलण्यांतून पसरते. परिपत्रकातून ती क्वचितच पसरते. गप्पांना आरोग्याच्या आकडेवारीत रकाना नाही.

सरकारी पातळीवर आता हालचाल आहे. सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचे अपघात विमा संरक्षण देण्याचे राज्याच्या महसूलमंत्र्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. मागणी जुनी होती आणि रास्तही. केरळ त्याआधीच पुढे गेले आहे. तिथे वनविभाग प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देतो आणि ‘सर्प’ या मोबाइल ॲपवरून नागरिकांना जवळच्या प्रमाणित माणसाशी जोडून देतो. आपल्याकडे ओळखपत्र कुणाला द्यायचे, हा प्रश्न निघेल तेव्हा पकडलेल्या सापांचा आकडा पुढे केला जाईल, कारण समूहांत मोठेपणाही त्याच आकड्यावर ठरतो. त्याऐवजी अर्जात तीन साध्या गोष्टी विचारता येतील : साप कोणत्या साधनाने पकडता, स्वतःला झालेले दंश किती आणि प्रत्येक वेळी कुठल्या रुग्णालयात गेलात. दंश लपवणाऱ्याला विमा मिळणार नाही आणि सांगणाऱ्याचे ओळखपत्र जाणार नाही, असा नियम केला तर निदान माहिती तरी बाहेर येईल.

उरतो तो रात्री अकराचा फोटो. त्यासोबत ‘चावलाय’ हा शब्द असेल तर त्या क्षणी ओळखीचा वाद बंद व्हायला हवा. उपचार साप पाहून नव्हे, लक्षणे आणि रक्ताची गुठळी होते की नाही हे पाहून ठरतात. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच आहे. १०८ ला फोन, चावलेला अवयव स्थिर, दोरी-ब्लेड-पाला काही नाही, आणि जवळचे सरकारी रुग्णालय. लक्षणे नसली तरी २४ तास निरीक्षण. चावलेला नसेल तर वाद सकाळपर्यंत चालायला हरकत नाही, फक्त तोवर त्या खोलीत कुणी खाली झोपू नये. एवढे एक वाक्य लिहून, कवड्याची बाजू घेणाऱ्याशी न भांडता, झोपायला जाणारी माणसेही या समूहांत आहेत. दुसऱ्या दिवशी उजेडात साप कवड्याच निघतो बहुतेक वेळा. त्यावरून त्यांची थट्टा होते आणि ते हसून घेतात.