आधी जुन्या राखडीचा हिशेब द्या



नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे आणखी दोन संच हवेत, असे म्हणणारे लोक विदर्भाच्या अनुशेषाचा दाखला देतात. अनुशेष खोटा नाही. 1953 च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याचा शब्द दिला होता. तो किती पाळला गेला, हे दांडेकर समितीने आकड्यांनिशी दाखवले. पुढे वैधानिक विकास मंडळे आली, त्यांचीही मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. मात्र कोराडी-खापरखेड्याच्या गावांवर आणखी एक बोजा साचत आला आहे, तो राखडीचा. त्याची मोजदाद कोणत्याच अनुशेषात होत नाही.

आपल्याकडच्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख असते. 660 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे रोज तीन-चार हजार टन राख. तिचा काही भाग सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांत जातो. उरलेली पाण्यात कालवून पाइपांनी बंधाऱ्यात सोडतात. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्याचा वरचा थर वाळला आणि वारा सुटला की ती राखड घरात शिरते. ओसरी कितीदाही झाडा, दोरीवरचे कपडे, माठावरचे झाकण, वांग्या-पालकाची पाने, सगळ्यांवर करडा थर असतोच. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर त्याचा चिखल होतो. घरातल्या बाया हे रोज करतात आणि त्याची मजुरी त्यांना कोणी देत नाही.

जुलै 2022 मध्ये तर खसाळ्याचा बंधाराच फुटला. राखड शेतांत पसरली, नाल्यातून कोलार आणि कन्हान नदीत गेली. कन्हानचे पाणी नागपूर पिते, तेव्हा हा प्रश्न दूरच्या खेड्यांचा आहे, असे शहराने मानू नये.

नवे संच जुन्यांपेक्षा कमी कोळशात तेवढीच वीज देतात, हे मला मान्य आहे. जमिनी गेलेल्या घरांतील पोरांना काम हवे, हेही खरे, त्यांच्या मागणीला नाव ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते, राखड मात्र इथेच राहते. कोराडीची वीज मुंबई-पुण्याचे कारखाने आणि घरे वापरतात, तर विदर्भातला शेतकरी रात्रीच्या पाळीत, साप-विंचवाच्या भीतीने, पंप सुरू करायला बांधावर जातो. राखडीची विल्हेवाट, बंधाऱ्यांची देखभाल, गावांतले पाणी आणि औषधोपचार यांचा खर्च वीजदरात धरला पाहिजे आणि तो राज्यातल्या सगळ्या ग्राहकांनी उचलला पाहिजे. आज तो खसाळा, वारेगाव, सुरादेवीची माणसे आपल्या खिशातून आणि फुप्फुसांतून भरतात.

कायदा नाही, अशातला भाग नाही. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना 1999 ची. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेत जुनी साठलेली राखही दहा वर्षांत संपवण्याचे बंधन आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई ठरवली आहे. धुरातल्या गंधकाबाबत 2015 साली निकष ठरले, त्यांची मुदत मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. अशा कारभारावर भरवसा ठेवून गावांनी आणखी दोन चिमण्यांना होकार का द्यावा?

या दोन संचांसाठी 29 मे 2023 रोजी ऐन उन्हात जनसुनावणी झाली. तिथे उठलेल्या हरकतींना लेखी, मुद्देनिहाय उत्तर मिळायला हवे. नागपूर करारामुळेच विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. येत्या हिवाळी अधिवेशनात आमच्या जिल्ह्याच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, एवढे सभागृहात मागावे: प्रत्येक बंधाऱ्यात आज किती राखड आहे, 2021 नंतर किती उचलली, टनामागची भरपाई किती वसूल झाली आणि ती कोणत्या गावावर खर्च झाली. हे आकडे पटलावर येईपर्यंत नव्या संचांचे काम थांबवावे.

आपला,
एक वाचक, नागपूर