शस्त्र देणाऱ्याचा जाब

सन २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘किक-अ‍ॅस’ या चित्रपटात बापलेकीशी आपली पहिली गाठ पडते ती एका उजाड, निर्मनुष्य जागी. बाप काही पावलांवर पिस्तूल रोखून उभा आहे, अकरा वर्षांची मिंडी दुखेल का म्हणून साशंक विचारणा करीत आहे, आणि दवाखान्यात सुई टोचून घेण्यास भ्यालेल्या लेकराची समजूत काढावी तशा मायाळू स्वरात तो तिची समजूत काढीत आहे. मग तो गोळी झाडतो; मुलगी उताणी कोसळते, आणि अंगात गोळीरोधक कवच असल्यामुळे उठून उभी राहते. आणखी दोन गोळ्या खाव्या लागणार असे कळल्यावर ती त्यांच्या मोबदल्यात बोलिंगचा खेळ आणि आइस्क्रीम पदरात पाडून घेते. हा सौदा ऐकताना प्रेक्षागृहात हशा पिकतो, आणि तो पिकावा अशीच दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन यांची योजना आहे.

या मुलीचे मुखवट्यामागचे नाव हिट-गर्ल. पुढे ती अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांनी भरलेल्या एका खोलीत शिरून तेथील माणसांची खांडोळी करते, आणि पार्श्वभूमीला वाजत असते ते लहान मुलांच्या एका जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे शीर्षकगीत. प्रसंगाच्या आरंभी तिच्या तोंडी इंग्रजीतील अत्यंत ओंगळ समजली जाणारी एक शिवी घातलेली आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्या वेळी जे वादळ उठले त्याचा बराचसा जोर या शिवीवर खर्ची पडला, आणि प्रेतांबद्दलची फिर्याद तिच्यापुढे फिकी ठरली, हे सभ्य समाजाच्या तारतम्यबुद्धीविषयी फारसे आशादायक लक्षण नव्हे. ख्यातनाम समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र मर्मावर बोट ठेवले. चारपैकी एकच तारा देऊन त्यांनी हा चित्रपट नीतिदृष्ट्या निंद्य ठरविला, आणि त्यांचा रोख एका बालिकेकडून करविलेल्या हत्यांवर व तिला होणाऱ्या अमानुष मारहाणीवर होता. ही भूमिका करणारी क्लोई ग्रेस मोरेट्झ चित्रीकरणाच्या वेळी अकरा वर्षांची होती आणि प्रदर्शनाच्या वेळी तेरा. ब्रिटनमध्ये चित्रपटाला पंधरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते, म्हणजे स्वतःचेच काम पडद्यावर पाहण्यासाठी तेथील चित्रपटगृहाच्या दारातून आत जाण्याची मुभा तिला कायद्याने नव्हती.

तथापि, मूल आणि हिंसा एका चौकटीत आली एवढ्यानेच अब्रह्मण्यम् म्हणून आरोळी ठोकणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याची माझी तयारी नाही. बॅटमॅनचा अल्पवयीन साथीदार रॉबिन हा १९४० सालापासून गुंडांशी दोन हात करीत आला आहे. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा ग्रंथ लिहून अमेरिकेत एवढा गहजब उडवून दिला की प्रकाशकांना स्वतःच्या पायात नियमावलीची बेडी घालून घ्यावी लागली. आणि त्याच वर्थम यांनी आपल्या पुराव्यांत सोयीस्कर फेरफार केले होते हे कित्येक दशकांनी त्यांची कागदपत्रे तपासली गेली तेव्हा उघडकीस आले. शिवाय आपल्याकडील प्रेक्षकाला तर या बाबतीत नाके मुरडण्याचा अधिकार फारच थोडा. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ काढला तेव्हा त्या महासर्पाशी झुंजणाऱ्या कृष्णाचे काम त्यांनी आपल्या चिमुकल्या मुलीला, मंदाकिनीला दिले होते. विशेष हे की चित्रपटाच्या प्रारंभी ते तिला कृष्ण म्हणून न आणता एक अभिनय करणारी मुलगी म्हणून आणतात, तिच्या मुद्रेवरचे भाव एकामागून एक दाखवितात, आणि मगच तिला देवाचा वेष चढवितात. पुढे जे पाहायचे ते एका लेकराचे नाटक आहे, याची ही कबुलीच म्हणायची.

आपल्या महाकाव्यांनीही कोवळ्या वयाच्या योद्ध्यांना रणांगणाबाहेर ठेवलेले नाही. परंतु द्रोणपर्वात अभिमन्यूचे काय होते ते नीट पाहावे. चक्रव्यूह फोडण्याची कामगिरी सोळा वर्षांच्या त्या मुलावर सोपवितो तो युधिष्ठिर. आणि मुलगा पडल्यावर व्यास आपल्याला केवळ त्याच्या पराक्रमाचे पोवाडे ऐकवून सोडून देत नाहीत, तर ज्याला पुढे राखून लाड करायचे त्याला आपण युद्धात पुढे घातले असा युधिष्ठिराचा विलाप ऐकवितात, आणि संध्याकाळी परतलेला अर्जुन आपल्या भावांना जो कठोर जाब विचारतो तोही ऐकवितात. मुलाच्या शौर्याने दिपून जावे तेवढेच, त्याला तेथे धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे डोळे रोखून पाहावे, अशी त्या कथेची रचना आहे.

‘किक-अ‍ॅस’चा सारा मामला माझ्या मते या एकाच ठिकाणी नासला आहे, आणि गंमत अशी की मार्क मिलर व जॉन रोमिटा ज्युनियर यांच्या ज्या चित्रकथेवरून तो बेतला, तिच्यात हा दोष नाही. चित्रकथेतील बाप मुलीला सांगत आलेला असतो की आपण पोलीस अधिकारी होतो, गुंडांनी तुझ्या आईला मारले, त्याचा सूड घ्यायचा आहे. शेवटी शत्रूच्या तावडीत सापडल्यावर तो कबूल करतो की यातले काहीच खरे नव्हते. तो होता एक हिशेबनीस, नीरस आयुष्याला आणि संसाराला विटलेला; मुलीला घेऊन तो घरातून निघून गेला होता आणि तिची आई जिवंत होती. ज्या पेटीचे गूढ त्याने इतके दिवस राखले तिच्यात जुन्या चित्रकथांचे अंक निघतात. तेच विकून तो या मोहिमेचा खर्च भागवीत होता. एका प्रौढ माणसाच्या पोरकट स्वप्नापायी एका मुलीचे बालपण कसे गहाण पडले, याचे इतके निष्ठुर चित्र त्या रक्तलांछित पानांत मला अपेक्षित नव्हते. चित्रपटकर्त्यांनी हे सारे पुसून टाकले. पडद्यावरचा बाप, निकोलस केज यांनी मोठ्या लोभस विक्षिप्तपणे रंगविलेला, हा खरोखरच खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेला प्रामाणिक पोलीस आहे, त्याच्या पत्नीने खरोखरच प्राण दिला आहे, आणि त्याचा सूड अशा रीतीने न्याय्य ठरविण्यात आला आहे. या मुलीला तिचे बालपण तू देणे लागतोस, असे त्याचा जुना सहकारी मार्कस त्याला एकदा सुनावतो खरा. पण ती तक्रार दाखल होऊन तेथेच दप्तरबंद होते, आणि पुढच्या हाणामारीच्या संगीतात तिचा मागमूसही उरत नाही.

याउलट २०१७ चा जेम्स मॅनगोल्ड यांचा ‘लोगन’. रक्ताचे प्रमाणच मोजायचे तर यातली लॉरा, म्हणजे डाफ्ने कीन ही बालनटी, हिट-गर्लला तिळमात्र हार जाणार नाही. पहिल्याच मोठ्या झटापटीत ती एका शत्रूचे मुंडके हातात घेऊन बाहेर येते. पण तेथे हशा पिकत नाही. प्रयोगशाळेत शस्त्र म्हणून पैदा केलेल्या या मुलीच्या निर्मात्यांना चित्रपट एक क्षणही सुटू देत नाही. आपणही माणसे मारली आहेत असे ती लोगनला सांगते तेव्हा तो म्हणतो की त्या ओझ्यासह जगायला तुला शिकावे लागेल. ती वाईट माणसे होती, असा बचाव ती मांडते, आणि तो बचाव तो मान्य करीत नाही. सुपरहिरोपटांच्या इतक्या वर्षांच्या वाटचालीत इतकी साधी आणि इतकी अवघड गोष्ट एखाद्या नायकाने एखाद्या मुलाला सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

२०१३ मध्ये ‘किक-अ‍ॅस’चा दुसरा भाग आला तेव्हा त्यातील एक प्रमुख नट जिम कॅरी यांनी जाहीरपणे अंग काढून घेतले. चित्रीकरण उरकल्यावर, डिसेंबर २०१२ मध्ये, सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने २० मुले आणि ६ प्रौढ ठार केले होते, आणि त्यानंतर चित्रपटातील हिंसेचे समर्थन करणे त्यांच्या विवेकबुद्धीला पटेना. मिलर यांनी उत्तर दिले की आपण कल्पित कथा लिहितो आणि तिच्यात हिंसेचे परिणामच दाखवितो. स्वतःच्या चित्रकथेपुरती ही कैफियत खरी आहे. चित्रपटाच्या वतीने ती देण्याचे मुखत्यारपत्र त्यांच्यापाशी होते असे मला वाटत नाही.

बालनटांच्या हिताची बाब वेगळी, आणि तिच्यात निदान कायद्याने थोडेफार लक्ष घातले आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधील जॅकी कूगनची कमाई त्याच्या आईने आणि सावत्र बापाने उडविल्यावर कॅलिफोर्नियात १९३९ साली कायदा झाला. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. तास आणि रुपये मोजण्याजोगे असतात म्हणून त्यांचा बंदोबस्त होतो. परिनिरीक्षणाचा कारभारही याच शिरस्त्याने चालत आला आहे: रक्त मोजता येते, म्हणून रक्त मोजायचे. अमेरिकेत १९८४ साली एका चित्रपटात छातीतून काळीज उपसल्याच्या दृश्यावरून ओरड झाली आणि तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारा एक नवा वर्ग निर्माण झाला. परिणामी निर्मात्यांनी रक्त तेवढे गाळले आणि संहाराचा आकार मात्र वाढवीत नेला. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मध्ये विश्वातील निम्मे जीव एका चुटकीसरशी धूळ होतात, आणि तो चित्रपट तेथे याच वर्गात बसतो, कारण धुळीला डाग नसतो.

आपल्याकडे आता ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटविभाग झाले आहेत. ही सुधारणा स्वागतार्हच आहे, जरी मोजमापाची फूटपट्टी तीच जुनी राहिली तर एका खान्याचे तीन खाने होण्यापलीकडे त्यातून काय निष्पन्न होईल याची मला शंका आहे. सोळा वर्षांच्या मुलाशेजारी बसून घरी ‘लोगन’ पाहण्यास आणि मग रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी वाद घालण्यास मी तयार होईन. दहा वर्षांच्या मुलाला ‘इन्फिनिटी वॉर’ला एकटे धाडताना मात्र कचरेन, मग प्रमाणपत्रावर काहीही छापलेले असो.