वॉचमन गेटवर की मीटर रूममध्ये?

काही दिवस असे येतात, की आयटीतल्या माणसाला अख्खं खानदान फोन करतं. १९ जुलै २०२४चा शुक्रवार तसलाच. टीव्हीवर निळेशार स्क्रीन, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आणि मोबाइलवर जिंतूरहून मामेभाऊ. ‘‘अरे, विंडोज बंद पडायलंय म्हणं सगळीकडं! माझं चालू ठेवू का बंद करून टाकू?’’

दादाची धास्ती उगाच नव्हती. परभणी जिल्ह्यात जिंतूरला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि जुलै म्हणजे पीक विम्याचा सीझन. आदल्याच वर्षी तो पोळला होता, आणि तेही माझ्यामुळे.

जुलै २०२३. एक रुपयात पीक विम्याचं पहिलं वर्ष. (ती योजना २०२५ मध्ये गुंडाळली, पण तेव्हाची गर्दी काय सांगू!) मुदत संपायला दोन दिवस, दारात सातबारा घेऊन रांग आणि दादाचं मशीन सुरू झालं रे झालं की निळं. ‘‘चालूच होईना गेलंय रे!’’ तासभर फोनवर झगडल्यावर कळलं, मशीनवर दोन अँटीव्हायरस आहेत. एक दुकानदाराने टाकून दिलेला. दुसरा टाकायला दिवाळीत मीच सांगितलेलं. एक से भले दो! सेफ मोडमध्ये जाऊन एक काढला तेव्हा गाडी रुळावर आली. तोवर रांगेतली निम्मी माणसं परभणीची एसटी पकडून गेलेली. मुदत पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली, म्हणून मामाच्या घरी तोंड दाखवता आलं.

दोन अँटीव्हायरस भांडले तर दोघं बंद पडावेत ना? अख्खं मशीन का आडवं होतं? कारण दोघंही कर्नलमध्ये बसलेले असतात. कर्नल म्हणजे सोसायटीची मीटर रूम समजा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, सगळ्यांची लाइन तिथून जाते. वर्ड, ब्राउझर वगैरे मंडळी म्हणजे फ्लॅट. एकाचा फ्यूज उडाला तरी बाकीचे निवांत मॅच बघतात. मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं की बिल्डिंगच अंधारात. अँटीव्हायरस हा वॉचमन, पण त्याने वर्षानुवर्षं खाट मीटर रूममध्येच टाकलीय.

त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या वॉचमनला नवी यादी धाडली. यादीत २१ गोष्टी तपासा म्हटलं होतं, प्रोग्रामच्या हातात होत्या २०. एकविसावी शोधायला तो मेमरीत नको तिथे हात घालायला गेला आणि फट्! कंपनीने ७८ मिनिटांत यादी मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन्स तोवर झोपल्या होत्या. त्यातल्या कित्येकांपाशी माणूस जाऊन बसला तेव्हा त्या उठल्या. दादाचं मशीन वाचलं, कारण हे सॉफ्टवेअर बड्या कंपन्या वापरतात.

मग हाकला की वॉचमनला बाहेर! इतकं सोपं नाही, बॉस. काही व्हायरस स्वतःच कर्नलमध्ये घुसून लपतात, त्यांना बाहेरून कोण बघणार? शिवाय मायक्रोसॉफ्टने ६४-बिट विंडोजच्या कर्नलला घातलेल्या कुलपावरून २००६ मध्ये, व्हिस्टाच्या वेळी, सिमँटेक आणि मॅकॅफीने आकाशपाताळ एक केलं. कुलूपही मायक्रोसॉफ्टचं आणि वॉचमनही त्याच्याच घरचा, मग बाकीच्यांनी काय करायचं? हा मुद्दा मला पटतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि अँटीव्हायरस लिहिणारा त्यांचा भाऊ संजय यांच्यातून क्विक हील उभी राहिली. कर्नलची दारं फक्त मालकाच्या माणसाला उघडी असती, तर अशांनी धंदा कुठे केला असता?

मला विचाराल, तर लिनक्सवाल्यांनी काढलेला मार्ग बरा. तिथेही २००८ मध्ये यावरून बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी जानेवारी २०११ च्या २.६.३७ आवृत्तीत ‘फॅनोटिफाय’ चालू झालं. म्हणजे मीटर रूमला एक खिडकी. फाइल उघडताना कर्नल खिडकीतून विचारतो, ‘‘सोडू का?’’ बाहेर बसलेला अँटीव्हायरस हो किंवा नाही म्हणतो. खिडकी सगळ्यांना सारखी, किल्ली कुणालाच नाही. दर वेळी विचारण्यात थोडा वेळ जातो, आणि वॉचमनला डुलकी लागली तर गेट उघडं ठेवायचं की बंद, हेही ठरवावं लागतं. पण वॉचमन कोसळला तरी बिल्डिंगचे दिवे जळत राहतात. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून तीच वाट धरली. मायक्रोसॉफ्टला मात्र ८५ लाख मशीन्स झोपेपर्यंत जाग आली नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांनी निवडक कंपन्यांना असा बाहेरून पहारा देण्याचा प्रकार चाचणीसाठी दिला.

हे सगळं मी दादाला फोनवर रंगवून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘ते होईल तवा होईल. माझ्या मशीनवर आता एकच हाय ना?’’

‘‘एकच आहे, दादा.’’

‘‘मागं बी तू असंच म्हणला व्हतास.’’

गपचूप कंट्रोल पॅनेल उघडायला सांगितलं आणि अख्खी यादी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली.