पंखावरच्या शिरा आणि प्रजातीचे नाव

वाङ्मयप्रकारांची चर्चा करताना आपण जीवशास्त्राची परिभाषा किती सहजपणे वापरतो! प्रकार जन्मतो, त्याला शाखा फुटतात, तो उत्क्रांत होतो आणि अखेरीस नामशेष होतो. ब्रुनतिएर या फ्रेंच समीक्षकाचा साहित्यप्रकारांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. पुढे ही उसनवारी तौलनिक साहित्याभ्यासात रुळली, आणि भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांनीही तिची फारशी चिकित्सा केली नाही. प्रस्तुत लेखकाची तक्रार उसनवारीबद्दल नाही. आपण वृक्षाची प्रतिमा तेवढी घेतली. तो वृक्ष रेखाटणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेली बंधने मात्र तिथेच ठेवली, ही ती तक्रार आहे. परोपजीवी गांधीलमाश्यांच्या वर्गीकरणात ही बंधने विशेष स्पष्ट दिसतात.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत निकटच्या जातींच्या समूहाला 'प्रजाती' म्हणतात. हिंदी वृत्तपत्रांत हाच शब्द बहुधा एकेका जातीसाठी येतो. येथे मराठी अर्थ अभिप्रेत आहे.

या माश्यांचे जीवन भारतीय वाचकाला अगदीच अपरिचित नाही. भ्रमराने कोंडलेली अळी त्याच्याच ध्यानाने भ्रमर होते, हा कीटभ्रमरन्याय भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या तोंडी आला आहे. त्यातले निरीक्षण खरे आहे: मातीच्या घरट्यात जाते ती अळी आणि बाहेर पडते ती माशी. निरीक्षकाला दिसले नाही ते अंडे. मात्र घरटे बांधणारी ही कुंभारीण शिकारी होय. खऱ्या परोपजीवी माश्या बहुधा घरटे बांधतच नाहीत. त्या पोषक अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडी घालतात. पुष्कळदा ती अळी पुढे खात-फिरत राहते, आणि आतील पिल्लांची वाढ पुरी होताना मरते.

अशाच एका माशीचे नाव कोटेशिया फ्लॅव्हिपिस. ऊस, मका, ज्वारी यांच्या खोडात शिरलेल्या किडीच्या अळीला ती बोगद्यात जाऊन गाठते. पीटर कॅमेरॉन याने १८९१ साली भारतातील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले आणि तिच्यासाठी कोटेशिया ही प्रजातीही स्थापली. पण पुढे ती प्रजाती अपँटेलिस या जुन्या, विस्तीर्ण प्रजातीत विलीन झाली, आणि कित्येक दशके ही माशी अपँटेलिस फ्लॅव्हिपिस म्हणूनच ओळखली गेली. अपँटेलिसची ओळख मुख्यतः कशावर ठरली होती? पुढच्या पंखावरचा एक लहानसा कप्पा शिरांनी पुरा बंद झालेला नसणे, यावर. एका अभावाच्या आधारे हजाराच्या वर जाती एकत्र नांदत होत्या. १९८१ साली मेसन याने दाखवून दिले की ही शीर निरनिराळ्या वंशरेषांत स्वतंत्रपणे लोप पावली आहे. म्हणजे ज्याला कुलसंबंध मानले तो योगायोग होता. त्याने अपँटेलिसचे अनेक तुकडे केले आणि कोटेशियाला तिचे स्थान परत दिले. त्याचे सगळे विभाग पुढे जसेच्या तसे टिकले असे नाही, परंतु कोटेशिया टिकली.

ही नावांची ओढाताण निरुपद्रवी नाही. पाकिस्तानातून नेलेली हीच माशी १९९३ साली केनियाच्या किनारपट्टीत मक्यावरील खोडकिडीविरुद्ध सोडण्यात आली. आफ्रिकेत तिची एक सख्खी बहीण, कोटेशिया सेसॅमी, आधीपासून होती. दोघी दिसायला जवळजवळ सारख्या. निश्चित ओळख पटवायची तर नराच्या जननेंद्रियाची सूक्ष्म तपासणी करावी लागते. चुकीच्या नावाखाली चुकीची माशी सोडली, तर शेतकऱ्याचे पीक जाते. आपल्या शास्त्रात वर्गीकरण चुकल्याने कोणाचे पीक जात नाही, म्हणूनच बहुधा आपण इतके निर्धास्त असतो.

आता नामशेष प्रजातींकडे वळू. हयात माशीच्या बाबतीत पंखाने दिलेली साक्ष तिची अळी, तिचे भक्ष्य, अंडी घालण्याची नळी आणि आता डीएनए यांच्याशी ताडून पाहता येते. मेसनला अपँटेलिसचे कोडे सुटले ते पंखापलीकडचे अवयव हाताशी असल्यामुळेच. खडकातल्या जीवाश्मात पुष्कळदा पंखाचा ठसा तेवढा उरतो. कोलोरॅडोतील फ्लोरिसंट येथील सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या अशा माश्यांवर ब्रूस याने १९१० साली प्रबंध लिहिला आणि त्यांतील कित्येक हयात प्रजातींच्या नावाखाली नोंदवल्या. टाउन्स याने १९७३ साली सैबेरियातील त्याहून पुष्कळ प्राचीन माश्यांसाठी टॅनिकोरा ही नवी प्रजाती केली. ती काय खात होती, कोणाच्या अंगात वाढत होती, हे कोणी पाहिलेले नाही. नातलगांवरून केलेले ते अनुमान आहे. म्हणून कोटेशिया आणि टॅनिकोरा ही नावे व्याकरणदृष्ट्या समान असली, तरी त्यांचे पुराव्याचे वजन समान नाही. प्राणिशास्त्रज्ञ नामशेष प्रजातीपुढे प्रथेने खंजिराची खूण करतात, आणि जिचे कूळ ठरत नाही तिला सरळ 'अनिश्चितस्थान' म्हणून नोंदवतात. या नोंदीत त्यांना कमीपणा वाटत नाही.

शिवाय प्रजातीचे नाव एका प्ररूप जातीला बांधलेले असते, आणि जातीचे नाव एका प्रत्यक्ष नमुन्याला. प्ररूप हे सर्वोत्कृष्ट किंवा सर्वांत प्रातिनिधिक असावे लागत नाही. ते केवळ नाव धारण करते. व्याख्या कितीही बदलो, नाव त्या नमुन्यामागे जाते. आपल्याकडे हे नेमके उलट चालते. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या दशरूपकांपैकी डिम, ईहामृग आणि समवकार यांचे प्राचीन नमुने आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत. पुढे कालंजरच्या वत्सराजाने 'त्रिपुरदाह', 'रुक्मिणीहरण' आणि 'समुद्रमथन' ही रूपके लिहिली, आणि आपण त्यांच्याकडे त्या प्रकारांची उदाहरणे म्हणून बोट दाखवतो. वत्सराजाची प्रतिभा येथे वादाचा विषय नाही. पण ही रूपके शास्त्रातील लक्षणे समोर ठेवून रचलेली दिसतात. त्यांच्यावरून ती लक्षणे पडताळून पाहणे म्हणजे जीवाश्माच्या वर्णनाबरहुकूम माशी घडवून ते वर्णन बरोबर निघाले असे म्हणणे होय. आपल्या प्रकारकोशांत या तिन्हींपुढे निदान एक वेगळी खूण असावी, अशी सूचना आहे. 'लक्षणांवरून रचित' एवढी नोंद पुरेल.