अलंगचा किनारा कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा?

2020 च्या सप्टेंबरात 'विराट' ही विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील अलंगला नेली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी समारंभ झाला, मंत्री आले. तिचे संग्रहालय व्हावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जहाजासाठी देश हळहळला; पण ते जहाज गॅसकटरने कापणाऱ्या हातांची कुणाला आठवण झाली काय?

1983 पासून येथे जहाजे तुटतात. भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटी लागली की कापायला घ्यायचे, ही येथील पद्धत. 2021-22 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी देशाची सुमारे 45 लाख टनांची जहाज-पुनर्प्रक्रिया क्षमता 2024 पर्यंत दुप्पट करू, दीड लाख रोजगार देऊ, अशी घोषणा केली. हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला. त्यानेही जहाज किनाऱ्यावर चढवून तोडण्यास बंदी घातलेली नाही. म्हणजे विस्ताराचे प्रस्ताव येत राहणार आणि 'परिसराच्या देखाव्यावर काय परिणाम होईल' हा प्रश्नही येणार.

हा देखावा कोणाचा? 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत इमारतींच्या प्रकल्पांसाठी जो जादा फॉर्म आहे, त्यात सौंदर्याचा स्वतंत्र रकाना आहे. बांधकामाने देखावा अडतो काय, असे तेथे विचारले जाते. जहाजतोडणी त्याच अधिसूचनेत 'अ' वर्गात आहे, पण तो फॉर्म तिला लागू नाही. फ्लॅटच्या खिडकीतला समुद्र कायद्याला दिसतो, एवढाच याचा अर्थ.

देखाव्याचे मूल्यमापन शास्त्रशुद्ध कसे करावे, याची ब्रिटनमधील मार्गदर्शिका (तिसरी आवृत्ती, 2013) जगभरचे सल्लागार वापरतात. ती पाहणाऱ्यांची वर्गवारी करते. घरात राहणारे आणि पायवाटेने निसर्ग पाहत फिरणारे अधिक संवेदनशील. कामाच्या ठिकाणी असलेले लोक सर्वसाधारणपणे कमी संवेदनशील, कारण म्हणे त्यांचे लक्ष कामात असते! तिकडच्या हिरव्या टेकड्यांत ही विभागणी चालूनही जाईल. पण अलंगमध्ये कामगार यार्डातच राबतो आणि यार्डासमोरच्या रस्त्यालगतच्या खोपट्यांत राहतो. जो दिवसरात्र तो किनारा पाहतो, त्याचीच नजर या फूटपट्टीने सर्वांत हलकी ठरते.

आणि उपाय काय सुचवले जातात? झाडांचा पट्टा लावा, उंच पत्रे ठोका. ज्यांच्या वस्त्या शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवल्या गेल्या, त्या समाजाला ही युक्ती नव्याने समजावून सांगायला नको. झाडे लावायला आमचा विरोध नाही. पण आडोसा म्हणजे सुधारणा नव्हे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू तसेही डोळ्यांना दिसत नाहीत. 2014 च्या जूनमध्ये येथे जहाजावर वायूचा स्फोट होऊन पाच कामगार मेले; पत्र्यामागे असे मरण आणखी निमूट होईल. उलट, दिसण्यात ताकद असते. जहाज तोडण्यापूर्वी विषारी द्रव्यांपासून मुक्त केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑक्टोबर 2003 च्या आदेशात बजावले होते. तरीही 'क्लेमान्सो' ही युद्धनौका फ्रान्सने अ‍ॅस्बेस्टॉससह अलंगकडे पाठवलीच. फेब्रुवारी 2006 मध्ये ती माघारी बोलवावी लागली, कारण जगाचे डोळे तिच्यावर खिळले होते.

तेव्हा अशा सुनावणीत आमच्या कार्यकर्त्यांनी कोणते मुद्दे रेटावेत? पहिला, अहवालातील छायाचित्रे महामार्गावरून किंवा मंदिराच्या टेकडीवरून नव्हे, तर खोपट्यांच्या दारातून घ्यावीत. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, म्हणजे गुजरातीत मिळतो. कामगार मात्र मुख्यतः ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे. सुनावणी 'स्थानिक बाधितांसाठी' असते. वर्षानुवर्षे तेथे राबणारा परप्रांतीय स्थानिक की उपरा? आमच्या मते ज्याच्या फुफ्फुसात तेथील हवा जाते तो स्थानिकच, आणि सारांश हिंदी व ओडियातही मागितला पाहिजे. मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी. सुनावणीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. त्याची प्रतही मागावी.