विश्लेषण : डिकीतला जॅक गाडी उचलतो, पण धरून ठेवतो का?

लासलगाव : कांद्याच्या हंगामात इथल्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मुख्य रस्त्यावर पंक्चर झाले तर दुकान फार लांब नसते. पण विंचूर, निफाड, येवल्याकडच्या मळ्यांतल्या वस्त्यांवर पहाटे गाडी बाहेर काढताना टायर बसलेला दिसला, तर जॅक घरच्याच माणसाला लावावा लागतो. तोच जॅक मग सायलेन्सरचा आवाज पाहायला, ऑइल कुठून गळते ते शोधायला किंवा उंदराने कुरतडलेली वायर बांधायलाही लावला जातो आणि माणूस गाडीखाली सरपटतो. धोका इथून सुरू होतो. टायर बदलताना गाडी जॅकवरून घसरली तर बहुतेक वेळा पत्रा चेपतो. खाली माणूस असेल तर जीव जातो.

डिकीतला जॅक कशासाठी असतो?

फक्त चाक बदलण्यासाठी. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत कंपन्या हे स्पष्ट लिहितात, पण ती पुस्तिका बहुतेकदा इंग्रजीत असते आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेर येत नाही.

लहान गाड्यांत सहसा कात्रीसारखा उघडणारा स्क्रू जॅक येतो. त्याचे हात जमिनीशी जेवढे आडवे, तेवढा स्क्रूवरचा ताण जास्त. हात 15 अंशांवर असताना स्क्रूवर उचललेल्या वजनाच्या जवळपास पावणेचारपट ओढ येते. 45 अंशांवर ती वजनाइतकीच उरते. म्हणून सुरुवातीला हँडल जड लागते आणि नंतर हलके फिरते. हलके फिरू लागले म्हणजे गाडी नीट बसली, असा समज होतो. खरे तर जॅक जसजसा उंच होतो, तसतसा तो डळमळीतच होत जातो.

गाडीचा एक कोपरा उचलला की ती सरळ वर जात नाही, बाकीच्या चाकांवर किंचित कलते. त्यामुळे जॅकचे डोके थोडे बाजूला ओढले जाते. खालचा पाय तळहाताएवढा आणि वरचे डोके गाडीला नुसते टेकलेले, कुठेही बांधलेले नाही. अशा अवस्थेत घट्ट नट सोडवायला पान्याला जोराचा झटका दिला, तर जॅक आडवा व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा ढिले करायचे असतात.

हायड्रॉलिक जॅक महाग आणि मजबूत म्हणून त्यावर जास्त भरवसा ठेवला जातो. तोही चुकीचाच. त्यातले वजन तेलाच्या दाबावर आणि रबरी सीलवर उभे असते. सील झिजले की जॅक हळूहळू खाली बसतो, कधी एकदम.

काळ्या मातीत काय होते?

गाडी घसरण्याच्या बाबतीत निफाड तालुक्यातली काळी जमीन हा मोठा मुद्दा आहे आणि इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंत तो जवळजवळ नसतोच. तिथली गाडी काँक्रीटच्या गॅरेजमध्ये उभी असते. इथे ती खळ्यावर, मुरूम टाकलेल्या अंगणात किंवा बांधाच्या कडेला असते.

हिशोब साधा आहे. सुमारे 900 किलोच्या, पुढे इंजिन असलेल्या छोट्या गाडीचे पुढचे एक चाक उचलायला जॅकवर साधारण 300 किलो भार येतो, कधी त्याहून जास्त. जॅकचा पाय 100 चौरस सेंटीमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला 3 किलो. उभ्या माणसाच्या पावलांखाली हा आकडा जेमतेम पाव किलो असतो. म्हणजे ज्या मातीत माणसाचा पाय थोडासा रुततो, तिच्यावर बारापट दाब द्यायचा. ओल्या काळ्या मातीत जॅकचा पाय सरळ खाली जात नाही, ज्या बाजूला माती मऊ त्या बाजूला कलतो. उन्हाळ्यातही निर्धास्त राहण्यासारखे नाही. वरून दगडासारखी वाटणारी जमीन भेगाळलेली असते आणि भेगेची कड भार आला की तुटते.

यावर उपाय घरातच असतो. बाभळीची किंवा सागाची दीड-दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद फळी जॅकखाली ठेवली की तोच भार 900 चौरस सेंटीमीटरवर पसरतो आणि दाब नवव्या हिश्श्यावर येतो. ही फळी डिकीत कायम ठेवावी. फळीऐवजी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवू नये, खाली पोकळी असेल तर ती मधोमध तडकते. शक्य असेल तर गाडी कोबा केलेल्या सपाट जागेवर घ्यावी. बसलेल्या टायरवर दहा-वीस फूट सावकाश चालवल्याने टायर खराब होईलही, पण उतारावर किंवा चिखलात जॅक लावण्यापेक्षा ते परवडते.

चाकांचा ट्रॉली जॅक घेतलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा दांडा वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला स्वतः थोडे पुढे सरकावे लागते. मातीत त्याची चाके रुतली की जॅक सरकत नाही आणि गाडीच ओढली जाते. ट्रॉली जॅक पक्क्या जमिनीवरच वापरावा.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मग दगड कशाला?

बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरू शकते, म्हणजे गिअरने मिळणारी अडवणूक संपली. उरतो फक्त हँडब्रेक. मागचे चाक उचलले, तर हँडब्रेकचा निम्मा आधार गेला. म्हणून हँडब्रेक आणि गिअर दोन्ही हवेत आणि उचललेल्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळाही हवा. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये ठेवली तरी हेच लागू आहे. गाडीत कोणीही बसलेले नसावे, झोपलेले मूलसुद्धा.

जॅक लावायचा कुठे?

दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेला पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे खाचा किंवा खुणा असतात. तेवढ्याच भागात आत जाड पत्रा दिलेला असतो. वीतभर इकडे-तिकडे झाले तर कड दुमडते, रंग तडकतो आणि एक-दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. ट्रॉली जॅकचे सपाट डोके या कडेला थेट लावू नये. मधे खाच असलेला रबरी पॅड मिळतो, तो वापरावा. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला जॅक लावणे ही सर्वात महागडी चूक. इलेक्ट्रिक गाडीत तर बॅटरी पोटाखालीच असते, तिथे कंपनीने दाखवलेल्या जागा सोडून कुठेही जॅक नको.

खाली शिरायचेच असेल तर?

तर जॅकच्या भरवशावर अजिबात नाही. उंची ठरवून खिळ किंवा दात्याने अडकणारे लोखंडी जॅक स्टँड मिळतात. जॅकने उचलायचे, स्टँड मजबूत जागेखाली लावायचे, जॅक हळूच उतरवून भार स्टँडवर घ्यायचा आणि गाडी बाहेरून ढकलून पाहायची. ती हलली तर बाहेर असतानाच कळलेले बरे. एका नव्या टायरच्या पैशांत जोडी येते. लाखांची गाडी घेणाऱ्या घरात एवढा खर्च जड नसावा.

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक हे याला पर्याय नाहीत. भिंतीत ते वर्षानुवर्षे भार घेतात, कारण तिथे तो सगळीकडे सारखा पडतो. गाडीचा भार एका टोकावर येतो आणि वीट आधी न वाकता थेट फुटते. स्टँड नसतील तर काम गॅरेजमध्ये न्यावे. नुसते चाक बदलतानाही काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक सुटला तर गाडी तिच्यावर टेकते आणि हात वाचतो.

कांदा भरलेल्या पिकअपचे गणित निराळे आहे. रिकाम्या गाडीला पुरणारा जॅक टनभराहून जास्त माल असताना पुरेलच असे नाही. शक्य तेवढा माल उतरवून, पुरेशा क्षमतेचा बॉटल जॅक मागच्या अॅक्सलखाली, पाट्यांच्या जवळ लावावा. लिलावाची वेळ गाठायची घाई असते, हे खरेच. म्हणून हा जॅक हंगामापूर्वी तपासून ठेवावा, रस्त्यात नव्हे.

शिकवायचे कोणी?

शोरूममध्ये नव्या गाडीला हार घातला जातो, फोटो निघतो, ब्लूटूथ कसे जोडायचे ते सविस्तर दाखवले जाते. जॅकची पिशवी मात्र बंदच राहते. गाडी ताब्यात देताना दहा मिनिटे काढून ग्राहकाच्या हातून एक चाक उतरवून घेणे कंपन्यांना अवघड नाही आणि ते बंधनकारक व्हायला हवे. त्यात एक मराठी पत्रक द्यावे, खुणांच्या चित्रासह. ड्रायव्हिंग स्कूलनेही महिनाभराच्या शिकवणीत एक सकाळ यासाठी ठेवावी. पाना फिरवणे हे पुरुषांचे काम समजून मुलींना यातून वगळू नये.

केंद्र सरकारने 2020 मध्ये नियम बदलून ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली. त्यामुळे काही नव्या गाड्यांत जॅकही नसतो. सीएनजी गाडीत सिलिंडरने जागा घेतल्यावर तो कुठे गेला, हे मालकाला ठाऊक नसते. गाडी घेतानाच डिकी उघडून विचारावे.

चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर द्यावा. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर पुरतात. 25 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला 40 किलोचा दाब दिला की तेवढे होते. पान्यावर उभे राहून उड्या मारल्या तर आटे बिघडतात आणि पुढच्या वेळी नट सुटत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तेच नट पुन्हा एकदा तपासावेत.